डोळे मिटायची शिकवणी

नाळ्यांच्या घरी कोकणातून फणस आला आणि विक्रांतची अशी धावपळ सुरू झाली, की बघणाऱ्याला वाटावं घरावर धाडच पडणार आहे.

फणस चांगला दहा किलोचा होता. विक्रांतच्या बायकोच्या, सारिकाच्या मावसबहिणीनं तो कणकवलीहून एसटीनं पाठवला होता आणि विक्रांत फलटणच्या एसटी डेपोतच बॅटरी मेकॅनिक असल्यामुळं तो थेट त्याच्याच हातात पडला. त्यानं तो पोत्यात गुंडाळला, स्कूटरवर दोन पायांमध्ये धरून घरी आणला, मोरीत ठेवला आणि वर बादली पालथी घालायला लागला. फणस मोठा, बादली लहान. काही केल्या झाकेना.

"काय चाललंय वं तुमचं?" सारिकानं दारातून विचारलं.

"हळू बोल. रेवा कुठाय?"

"आत बसलीय. का?"

"फणस हाय. तिनं अजून बघितला नाय."

"मग आता बघंल की! दहा वर्षांची झाली पोर."

"बघायचा नाय!" विक्रांत घायकुतीला येऊन म्हणाला. "एवढं काटेरी धूड, आतनं पिवळेधमक गरे, हाताला चिकटणारा चीक. केवढं नवल वाया जाईल, कळतंय का तुला? सोळा दिवस राहिलेत फक्त."

सारिका दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायच्या मशीनवर कामाला होती. दिवसाला तीनशे गवळ्यांच्या कटकटी ऐकून तिचं डोकं थंड राहायला शिकलं होतं. पण या बादलीपुढं तिनंही कपाळावर हात मारला.

शेवटी फणस शेजारच्या अहिवळ्यांकडं गेला. त्यांनी तो लगेच कापला आणि भिंतीपलीकडून घमघमाट सुटला. आतल्या खोलीत रेवानं मान वर केली.

"बाबा, हा कसला..." ती म्हणाली आणि मध्येच थांबली. मग तिनं स्वतःच डोळे मिटून घेतले, नाक चिमटीत धरलं आणि विचारलं, "नको ना?"

"शाबास!" विक्रांत म्हणाला. पोरीचा त्याला इतका अभिमान वाटला, की त्या क्षणी सारिका आपल्याकडं कशी बघतेय याकडं त्याचं लक्षच गेलं नाही.

हे सगळं कशापायी, ते सांगायचं तर उदयगिरीची गोष्ट सांगायला हवी.

वाईच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर उदयगिरी निवासी विद्यालय आहे. सहावीत साठ जागा. एकदा पोर आत गेलं की बारावीपर्यंत सगळं फुकट. तिथली पोरं आठवीत दुर्बिणी बनवतात, दहावीत शेतातल्या रोगाला औषध शोधतात, आणि पुढं जगात कुठं कुठं जातात ते वर्तमानपत्रात फोटोसह येतं. साठ जागांना दरवर्षी अकरा हजार अर्ज येत.

या अकरा हजारांतून साठ निवडायचे कसे, यात शाळेच्या नाकी नऊ आले होते. आधी लेखी परीक्षा होती. तिचे क्लास निघाले आणि ज्याला क्लास परवडला तो आत गेला. मग मुलाखती सुरू झाल्या, तेव्हा ज्याला आडनाव परवडलं तो आत गेला. एक वर्ष तर चिठ्ठ्या टाकून बघितलं. त्या वर्षी ज्यांच्या पोरांच्या चिठ्ठ्या निघाल्या तेसुद्धा नाराज झाले, कारण पोरगं हुशार आहे असं चारचौघांत म्हणायची सोय राहिली नाही.

आणि मग शाळेच्या प्रमुख डॉ. वृंदा साठये यांनी कपाळाला बांधायचा पट्टा आणला.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपला मेंदू दर क्षणी पुढं काय होणार याचा अंदाज बांधत बसलेला असतो. जिन्याची एक पायरी जास्त आहे असं वाटून आपण पाय टाकतो, पायरी नसतेच, आणि आपण दचकतो. तो दचका म्हणजे चुकलेला अंदाज. असा अंदाज चुकला की पाव सेकंदाच्या आत कपाळामागच्या भागात विजेची एक बारीकशी लहर उठते. अंदाज जेवढा चुकला, तेवढी लहर उंच. मग मेंदू आपला हिशेब दुरुस्त करतो आणि पुढच्या वेळी लहर थोडी बुटकी होते. पूर्ण कळलं की लहर येईनाशी होते. पहिल्या उंच लहरीपासून शेवटच्या सपाटीपर्यंत पोर किती भराभर खाली येतं, तो त्याचा उतार. उतार जेवढा उभा, तेवढं पोर शिकण्यात तरबेज.

गंमत म्हणजे या उताराला इंग्रजी येत नव्हतं, आडनाव कळत नव्हतं आणि पोराच्या पायात बूट आहेत की नाहीत हेही दिसत नव्हतं. मुलासमोर कधी न पाहिलेली एक पेटी ठेवायची, पट्टा बांधायचा, बारा मिनिटं खेळू द्यायचं. पहिल्याच वर्षी जत तालुक्यातल्या मेंढपाळाची पोर, मालेगावच्या यंत्रमागवाल्याचा मुलगा आणि पुण्यातल्या डॉक्टरांची मुलगी एका बाकावर येऊन बसली. लोकांनी फटाके वाजवले. विक्रांतला लहानपणी अशाच एका शाळेनं दोन मार्कांसाठी नाकारलं होतं. मांडीवर वर्षाची रेवा घेऊन त्यानं ती बातमी तीनदा वाचली होती. आता खरंच कुणाचंही पोर जाऊ शकतं! त्याला तेव्हा झोप लागली नव्हती.

पण आपल्याकडं परीक्षा आली की तिच्या मागोमाग क्लास येतो.

फलटणला एसटी स्टँडसमोर 'निरभ्र अकॅडमी'चा बोर्ड लागला. त्यावर प्राध्यापक तुषार गुंजाळ हाताची घडी घालून उभे होते आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही काहीही शिकवत नाही!'

गुंजाळ सरांचं पहिलं भाषण विक्रांतला तोंडपाठ होतं. "पालकहो, उतार मोठा हवा तर पहिली लहर उंच हवी. पहिली लहर उंच कधी येईल? पोराला नवल वाटेल तेव्हा. आणि ज्या पोरानं सगळं बघितलंय, त्याला नवल कशाचं वाटणार? तुम्ही पोराला जत्रेला नेता, समुद्रावर नेता, मोबाईल देता. रोज नवल उधळता! आम्ही ते साठवतो."

चौदा महिन्यांचा अभ्यासक्रम होता. वर्गाच्या खिडक्यांच्या काचा पांढऱ्या रंगवलेल्या. मुलांनी तिथं येऊन आधीच येणारे पाढे म्हणायचे, आधीच ऐकलेल्या गोष्टी ऐकायच्या. घरी तीच भाजी, तोच रस्ता, तेच कपडे. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा, की नवं काही समोर आलं तर आधी डोळे मिटायचे आणि मोठ्यांना विचारायचं, 'बघू का?' मोठ्यांनी बहुतेक वेळा 'नको' म्हणायचं.

हसू नका. पहिल्या महिन्यात सरावाच्या पट्ट्यावर रेवाची लहर खरोखरच बोटभर उंच गेली. विक्रांतनं डेपोत पेढे वाटले. मग त्यानं नियम असे काही पाळले, की गुंजाळ सरांनी दुसऱ्या पालकांना त्याचं उदाहरण द्यावं. नवा उड्डाणपूल दिसू नये म्हणून तो रेवाला तीन किलोमीटरचा वळसा घालून शाळेत सोडायचा. गल्लीत कुणाकडं बाळ झालं, पोरीला दाखवलं नाही. डेपोत हायड्रोजनवर चालणारी पहिली गाडी आली, तेव्हा त्याला स्वतःला इतका आनंद झाला होता की कधी एकदा रेवाला सांगतो असं झालं होतं. घरी येऊन तो गप्प बसला. ते गप्प बसणं त्याला जड गेलं, पण हेच तर खरं बापाचं कर्तव्य, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

"माझं मशीन दुधातलं फॅट सांगतं," फणस आला त्या रात्री सारिका भाकरी थापता थापता म्हणाली. "गाय कशी हाय ते नाय सांगत. तुम्ही फॅट वाढवायच्या नादात गायीचा चारा तोडलाय."

"सोळा दिवस," विक्रांत म्हणाला. "सोळा दिवस कळ काढ. मग आयुष्यभर बघू दे की तिला काय बघायचं ते."

परीक्षेच्या दिवशी सकाळी सहालाच ते भाड्याच्या गाडीनं निघाले. रेवाच्या डोक्यावरची टोपी नाकापर्यंत ओढलेली होती. वाईच्या पुढं गाडी चढणीला लागली तसं खाली धोम धरणाचं पाणी उन्हात लखलखायला लागलं आणि सारिकाच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई!"

"काय गं आई?" टोपीखालून आवाज आला.

विक्रांतनं डोळे वटारले. सारिकानं ओठ घट्ट मिटले. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याला आरशात दिसलं आणि तो रस्त्याकडं बघायला लागला.

शाळेच्या मोठ्या सभागृहात पालक बसले होते. चाळीस खोल्यांत चाळीस पेट्या. प्रत्येक पेटी वेगळी, शाळेच्याच कारखान्यात हातानं बनवलेली, आतले नियम रोज बदललेले. त्यामुळं आदल्या दिवशीच्या पोराला विचारून काही उपयोग नव्हता. दहा वर्षांचं पोर अनोळखी खोलीत एकटं बावरतं, म्हणून एका पालकाला आत बसायची मुभा होती. मुलाच्या मागं, भिंतीला टेकलेल्या खुर्चीत.

नियम दारावरच लिहिले होते. पालकानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, खूण करायची नाही. पालक बोलला तर परीक्षा रद्द, आणि ती पुन्हा कधीच नाही. मुलानं तीन मिनिटांत पेटीला हातच लावला नाही, तर मात्र ते घाबरलं असं समजून दुपारी दुसऱ्या पेटीवर एक संधी.

विक्रांतचा मोबाईल थरथरला. गुंजाळ सरांचा निरोप होता, 'तोंडाला कुलूप. आज आपला दिवस आहे.'

तेवढ्यात एका खोलीचं दार उघडलं आणि लोणंदच्या भोसले वहिनी बाहेर आल्या. त्यांचा मुलगा निरभ्रमध्ये रेवाच्या शेजारी बसायचा. "हातच लावला नाय हो," त्या कुणालाही उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या. "नुसता बसून राहिला. तीन मिनिटं."

"होतं असं. दुपारी आहे की परत," विक्रांत म्हणाला.

"रेवा विक्रांत नाळे!"

खोली लहान, उजेडाची. मधोमध टेबलावर सागवानी पेटी. तिच्यावर गोल मांडलेल्या बारा लाकडी खुंट्या, प्रत्येकीचा रंग निराळा, आणि पेटीच्या पोटाला बारीक जाळी. एका तरुण परीक्षकानं रेवाच्या कपाळाला पट्टा बांधला, टोपी काढून बाजूला ठेवली आणि सांगितलं, "खुंटी ओढायची. घंटा वाजली की बरोबर, ठक्क झालं की चूक. बारा मिनिटं. घंटा जास्तीत जास्त वेळा वाजव."

तो कोपऱ्यात जाऊन बसला. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर हिरवी रेघ हलकेच थरथरत होती. ती रेवाची होती, तिच्या कपाळाआडची. आता! चौदा महिने ज्याच्यासाठी जपलं, ते आता उसळणार होतं. डोंगराएवढी लहर येणार होती! त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

रेवानं पेटीकडं बघितलंच नाही. पेटी दिसताक्षणी तिनं मान खाली घातली होती. हात मांडीवर होते. मग ती अर्धवट मागं वळली.

"बाबा," ती म्हणाली, "बघू का?"

परीक्षकानं नजर उचलली. विक्रांतला दारावरचे नियम आठवले.

"बाबा? नवीन हाय हे. बघू?"

घड्याळात एक मिनिट वीस सेकंद झाले होते. रेघ सपाट. विक्रांतनं ओठ दातांखाली धरले. बघेल, आपणहून बघेल. पोर आहे. समोर एवढी सुंदर पेटी ठेवल्यावर कुठलं पोर बघणार नाही? आणि नाहीच बघितलं, तर दुपारी आहेच. तोवर बाहेर नेऊन समजावता येईल, की आज चालतं, आज बघायचं.

रेवा थोडा वेळ वाट बघत राहिली. बाबा बोलत नाहीत याचा अर्थ तिला ठाऊक होता. चौदा महिन्यांत तो तिला चांगला पाठ झाला होता.

तिनं समोर तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले.

नुसते मिटले नाहीत. अगदी घट्ट, कपाळाला आठ्या पडेपर्यंत आवळले, कारण बाबा मागं बघत होते आणि तिला त्यांची शाबासकी हवी होती. दोन्ही हातांच्या मुठी झाल्या होत्या. पडद्यावरची रेघ पार मेल्यासारखी पडली होती. साऱ्या जगात जोड नसलेली, दहा वर्षांच्या पोरांसाठी मुद्दाम बनवलेली पेटी तिच्यापासून हातभर अंतरावर होती आणि ती डोळे मिटून बसली होती, चांगली मुलगी म्हणून.

हे मी केलं, असं विक्रांतला वाटलं. दुसऱ्या कुणी नाही, मी.

दोन मिनिटं चाळीस. अजून वीस सेकंद गप्प बसलं की दुपारची संधी पक्की होती. वीस सेकंद म्हणजे काय, डेपोत तो श्वास रोखून यापेक्षा जास्त वेळ बॅटरीच्या खोक्यात डोकं घालायचा.

"उघड डोळे!" तो ओरडला. खुर्ची मागं आपटली. "बघ, रेवा! बघ! हात लाव! पाहिजे ते कर, मला विचारू नको!"

परीक्षक ताडकन उभा राहिला. "सर! तुम्ही..."

"माहिताय मला," विक्रांत म्हणाला. "लिहा रद्द."

रेवानं डोळे उघडले. आधी बाबांकडं बघितलं, ते खरंच म्हणताहेत का याची खात्री करून घेतली. मग पेटीकडं बघितलं.

रेघ छतापर्यंत गेली. पडद्याच्या वरच्या कडेला आपटून ती पलीकडं नाहीशी झाली, तेव्हा परीक्षकाला आकड्यांचं माप बदलावं लागलं. अजून तर तिनं खुंटीलाही हात लावला नव्हता!

पहिली ओढली ती निळी. ठक्क. लाल. ठक्क. पिवळी, आणि घंटा वाजली. रेवा दचकून हसली. विक्रांतनं तिचं ते हसू कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. पुन्हा पिवळी, ठक्क. "अरेच्चा," रेवा म्हणाली. मग तिचे हात सुटले. ओढ, ऐक, थांब, विचार कर, ओढ. दर चुकीला पडद्यावर लहर उसळे आणि दर वेळी मागच्यापेक्षा बुटकी होई. ज्या खुंटीनं घंटा वाजली तिच्या बरोबर समोरची पुढच्या वेळी वाजते, आणि मग समोरचीच्या शेजारची, असा त्या पेटीचा नियम होता. तो चौथ्या मिनिटाला रेवाच्या हाती लागला. घंटा सलग वाजायला लागली. रेघ जमिनीला टेकली.

परीक्षक रद्दचा कागद हातात धरून तसाच उभा होता. त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. मिनिटाभरात दार उघडून डॉ. वृंदा साठये आत आल्या. आखूड पांढरे केस, पायांत कॅनव्हासचे बूट, साठीच्या पुढचं वय आणि चालणं मात्र धावण्यासारखं.

"पालक बोलले, मॅडम. रद्दच आहे. पण हे बघा."

"काय बघू? संपलंय हे, तिला कळलं सगळं," डॉ. वृंदा म्हणाल्या, आणि तेवढ्यात ठक्क झालं. "चुकली. नाही, थांब. लहर कुठाय?"

ठक्क. पुन्हा ठक्क. रेवा ओळीनं चुकत होती आणि रेघ हलत नव्हती.

"ती मुद्दाम चुकतेय," डॉ. वृंदा कुजबुजल्या. "ठक्क होणार हे तिला माहीत आहे. नियम कळलाय, आता ती नियमाच्या कडा चाचपतेय." त्यांनी विक्रांतचा दंड धरला, तो कोण आहे याची चौकशी न करताच. "बघताय ना तुम्ही?"

विक्रांत बघत होता. डोळ्यांत पाणी साचल्यामुळं त्याला सगळं अंधुक दिसत होतं, तरी बघत होता.

रेवानं दोन्ही हात पुढं केले आणि समोरासमोरच्या दोन खुंट्या एकदम ओढल्या.

पेटीतून घंटाही वाजली नाही आणि ठक्कही झालं नाही. एक लांब, खर्जातला, घुमत जाणारा सूर निघाला आणि टेबलाचे पाय थरथरले. पडद्यावरची लहर पुन्हा छताला गेली. रेवा आनंदानं किंचाळली. आणि ऐका, डॉ. वृंदाही किंचाळल्या.

"हा आवाज पेटीत नाहीच! आम्ही घातलेला नाही! आतल्या दोन्ही हातोड्या मधे अडकून तारेला घासल्या असणार. आमच्या सुतारकाकांनाही ठाऊक नसेल हे. नऊ वर्षांत कुणी दोन खुंट्या एकदम ओढल्या नव्हत्या!"

बारा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. कुणी थांबवलं नाही. रेवा टेबलाखाली गेली होती आणि पेटीच्या तळाला स्क्रू आहेत का ते शोधत होती.

डॉ. वृंदांनी विक्रांतला व्हरांड्यात नेलं.

"मॅडम, चूक माझी हाय. पोरीची नाय," त्यानं हात जोडले.

"मला माहीत आहे. पण नियम मी केलाय. तो आज तुमच्यासाठी वाकवला, तर उद्या प्रत्येक बाप आतून ओरडेल आणि आपण पुन्हा आडनावांपाशी येऊ. जागा मिळणार नाही, नाळे." त्यांनी हे स्पष्ट सांगितलं. "डोळे मिटणारं आज हे चौथं मूल. कोण शिकवतं हो त्यांना हे?"

विक्रांतनं सांगितलं. फणस, उड्डाणपूल, पांढऱ्या काचा, सगळं. त्याला शरमेनं मान वर करवेना.

"अहो, नवल साठवता येत नाही," त्या म्हणाल्या. "लहर उठायला आधी अंदाज बांधावा लागतो. अंदाज बांधायला बघावं लागतं, खूप बघावं लागतं. पोराला दडवून ठेवलं की पहिले काही दिवस लहर उंच दिसते, मान्य. मग मेंदू अंदाज बांधायचंच सोडून देतो. तुमच्या मुलीनं सोडलं नाही, ते कसं, हे मला खरंच कळत नाही. आतल्या आत बांधत राहिली असेल बिचारी. भिंतीपलीकडून वास आला की काय असेल, बाहेर आवाज आला की कुठला असेल." त्यांनी खोलीच्या दाराकडं बघितलं. "पेट्यांच्या आधी मी मुलांचे डोळे तपासायला हवे होते. उद्या सकाळी समितीची बैठक घेते. हे असं चालू द्यायचं नाही. दोन खुंट्यांचा तो सूरसुद्धा समितीला ऐकवते!" आणि सूर आठवताच त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. त्या लगबगीनं कारखान्याकडं निघाल्यासुद्धा, बहुधा सुतारकाकांना गाठायला.

सारिका अंगणात चिंचेखाली उभी होती. विक्रांतचा चेहरा बघून ती काय ते समजली.

"गेली?"

"मी घालवली. ओरडलो मी मधेच. पोरीनं डोळे मिटले गं, माझ्यासाठी मिटले. मला बघवलं नाय."

चौदा महिन्यांत पहिल्यांदाच सारिकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलं," ती म्हणाली.

रेवा पायऱ्यांवरून उड्या मारत आली. केस विस्कटलेले, गुडघ्यांना धूळ, कपाळावर पट्ट्याचा लाल वळ. टोपी आतच राहिली होती. विक्रांत तिच्यापुढं उकिडवा बसला. खोटं बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

"रेवा, तुला या शाळेत नाय घेणार. तू लई भारी खेळलीस. पण मी बोललो म्हणून नाव कटलं. माझ्यामुळं गेली तुझी शाळा."

रेवाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिनं एकदा दगडी इमारतीकडं बघितलं, पेटी होती त्या खिडकीकडं बघितलं. तिचा खालचा ओठ थरथरला. विक्रांतला वाटलं, आता ही रडेल, आणि रडायलाच हवं तिनं.

"म्हणजे परीक्षा संपली?" तिनं विचारलं.

"संपली."

"परत नाय?"

"परत कधीच नाय."

तिनं तळहातानं नाक पुसलं. मग अगदी हळू, कुणी ऐकलं तर 'नको' म्हणेल अशा भीतीनं तिनं विचारलं, "मग आता मला सगळं बघता येईल?"

विक्रांतनं होकारार्थी मान हलवली. ती पुरती हलायच्या आत रेवा पळत सुटली, अंगणातून, फाटकातून, डोंगराच्या कडेकडं जाणाऱ्या पायवाटेनं.

"अगं, हळू!" सारिका ओरडली.

विक्रांत ओरडला नाही. तो तिच्या मागं पळाला, कारण ती काय बघायला निघालीय, ते त्यालाही बघायचं होतं.